आईच्या घरातले भाडेकरू

शेवटच्या साध्या दिवशी आईने पाण्याने भरलेल्या घमेल्यात तोंड घातलं होतं. डोळ्यांवर माझा बुडी मारायचा चष्मा, तोंडात हवेची नळी. शेजारची रिझिकीमावशी उंबऱ्यावर बसून हसत होती.

"अगं, घमेल्यात बुडालीस तर लोकांना काय सांगू मी?"

आईने डोकं वर काढलं. पाणी हनुवटीवरून निथळत होतं.

"काही दिसत नाही. नुसता बुडाचा पोचा."

"तुझ्या घरात तरी दुसरं काय असणार? रिकामंच पडलं असेल."

"माझं भरलेलं आहे," आई म्हणाली. "तू बांधलंस वाकडं, म्हणून तुझ्याकडे कोणी फिरकत नाही."

घर म्हणजे सिमेंटचा पोकळ गोळा, कमरेएवढा उंच, चहूबाजूंनी भोकं असलेला. मेलेल्या प्रवाळाच्या जागी मासे परत यावेत म्हणून आमच्या बेटावरच्या बायकांनी असे गोळे किनाऱ्यावर ओतले आणि समुद्रात सोडले. एक जुनं मासेमारीचं जहाज तिथे पूर्वीच मुद्दाम बुडवलेलं होतं. त्याच्या अलीकडच्या उथळ उतारावर हे गोळे बसवले. प्रत्येकीने आपापली खूण केली होती. आईने भोकांच्या कडेने अंगठ्याने एकेक खळगा दाबत नेला होता. सिमेंटला खारं पाणी चालत नाही, म्हणून तिने साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं आणि नंतर आम्ही पिण्याचं पाणी शेजाऱ्यांकडे मागत फिरलो. "बांधायचं तर नीट बांधायचं," एवढंच तिचं म्हणणं.

मी पाहुण्यांना त्या जहाजावर बुडी मारायला नेते. आईला जहाजाचं काडीचं कौतुक नव्हतं. गंजका डबा, म्हणायची, माणसं पैसे देऊन गंज बघायला जातात. पण मी परत आले की भाताचं ताट पुढे सरकवत विचारायचीच, "मग? कोण राहतंय माझ्याकडे?"

"तूच येऊन बघ," मी दर वेळी म्हणायचे.

आयुष्यभर ती गुडघाभर पाण्यात काठी घेऊन ऑक्टोपस शोधत फिरली, पण समुद्रात तोंड कधी घातलं नाही. त्या वर्षी कशीबशी तयार झाली होती. दक्षिणेचा कुसी वारा पडला, पाणी निवळलं, की होडीच्या कडेला धरून खाली बघायचं असं ठरलं होतं. पाहुण्यांच्या कॅमेऱ्यांत तिच्या घराचे कितीतरी फोटो होते. एकाने मला पाठवलेही होते. ते मी तिला दाखवले नाहीत.

त्या संध्याकाळी चष्मा पुसत ती म्हणाली, "एक तरी सांग, म्वानाशा. एकच भाडेकरू."

"नाही. तुला दिसेल तेव्हा मला तुझं तोंड बघायचंय."

"हट्टी आहेस. बापावर गेलीस," ती म्हणाली आणि नारळ खवायला बसली.

दुसऱ्या दिवशी मी दोन पाहुण्यांबरोबर जहाजाच्या पुढच्या टोकापाशी होते, तेव्हा वरून होडीच्या शिडीवर लोखंड आपटल्याचा आवाज आला. वर या. आमचा नावाडी हमादी उगाच बोलावणारा माणूस नाही. मला वाटलं, वारा उलटला असेल.

खोलातून थेट वर येता येत नाही. वाटेत ठरलेल्या जागी दोराला धरून थांबावं लागतं, अंगातली हवा शांत व्हावी म्हणून. आम्ही तिघं लटकून राहिलो. गढूळ पाण्यात समोर आईचं घर अंधुक दिसत होतं. मी नेहमीसारखी भोकं न्याहाळली, सगळे जागेवर आहेत ना ते पाहिलं. वर आवाज चालूच होता.

होडीत हमादीने माझ्या पाठीवरची टाकी स्वतः उतरवून घेतली. असं तो कधी करत नाही. "घरी चल, पोरी," म्हणाला. "तुझी आई चुलीपाशीच गेली."

आमच्यात बायका कबरीपर्यंत जात नाहीत. पुरुष तिला घेऊन गेले, आम्ही अंगणात बसून राहिलो. रिझिकीमावशीने ते घमेलं उचलून पालथं घातलं.

वारा पडल्यावर मी हमादीला म्हटलं, मला तिकडे ने, पाहुण्यांशिवाय. टाकी घेतली नाही. आई बघणार होती तशीच, होडीच्या कडेला धरून, चष्मा लावून मी पाण्यात तोंड घातलं. पाणी इतकं नितळ होतं की गोळ्यावर होडीची सावली पडलेली दिसत होती.

खाली मी नेहमी हातांनीच बोलते. तिथे तोंडाला काम नसतं. मी डोकं वर काढलं, नळी काढली. हमादीने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"वरच्या भोकात वाम राहते, आई," मी म्हणाले. "दिवसभर तोंड उघडं. थेट रिझिकीमावशी. खाली लाल ठिपक्यांचा हेकरू मासा आहे, तो दारात आडवा पडून असतो, कुणाला आत येऊ देत नाही. मागच्या अंगाला तू अंगठा दाबलास ना, त्या खळग्यांत कोळंब्या बसतात. काचेसारख्या, पलीकडचं दिसतं. एकेका खळग्यात एकेक. दोन-तीन रिकामे आहेत. बाकी भरलंय, आई. तुझं घर भरलंय."