होडीतला वाफा

खाडीचं पाणी सकाळीच गल्लीत शिरलं होतं. दुपारी ते हिलालच्या ओट्याला लागलं आणि त्याच वेळी त्याच्या सुनेला, नूतनला, कळा सुरू झाल्या.

अठ्ठ्याण्णवचा भादवा होता. उकाई धरणाचं पाणी सोडल्यामुळे तापी फुगलेली. खाडीच्या पाण्याला तापीत जायला वाट राहिली नाही, म्हणून ते मागे फिरून डिंडोलीच्या वस्तीत पसरलं. नूतनचा नवरा योगराज कडोदऱ्याला कारखान्यात अडकून पडला होता. दवाखान्यात जायची एकच वाट उरली होती. समोरच्या रेल्वेच्या भरावावर चढायचं आणि रुळाच्या कडेनं उधना गाठायचं. भराव हाकेच्या अंतरावर होता. पण मधल्या खोलगटात पाणी माणसाच्या डोक्यावर गेलं होतं आणि त्याला ओढ होती.

साऱ्या वस्तीत तरंगेल अशी वस्तू एकच होती. ती हिलालच्या दारात उभी होती आणि तिच्यात मेथी उगवलेली होती.

ती एका जहाजावरची होडी. शेजारचा भंगारवाला भाईदास पूर्वी अलंगला जहाजं तोडायच्या कामावर होता. त्यानंच ती ट्रकमधून आणली. फायबरची असल्यामुळे भंगारात तिला भाव नव्हता आणि बुडाला भोक, म्हणून पाण्याची टाकी म्हणूनही कुणी घेईना. मग ती हिलालच्या बायकोनं, सुंदराबाईनं मागून घेतली. खाडीकाठची माती डोक्यावरून आणून तिनं पुढच्या भागात वाफा केला. मागचा भाग बसायला ठेवला. संध्याकाळी तिथं बसून ती भाजी निवडायची आणि भाईदासला बोलतं करायची.

भाईदास सांगायचा, "भाभी, जहाज म्हणजे अख्खं गाव. नाचायला लाकडी जमिनीचा हॉल. पायऱ्या अशा रुंद की वरात चढून जाईल. मुंबईहून माणसं आफ्रिकेला जायची, बोटीवर लग्नं जुळायची. मग विमानं आली आणि एवढी मोठी जहाजं रिकामी पडली."

"आणि एवढ्या माणसांची भांडी बायका कुठे घासायच्या?"

"भांडी पुरुष घासायचे. पांढरे कपडे घालून."

"मग असली जहाजं मोडता कशाला रे?" सुंदराबाई म्हणायची आणि हिलालकडे बघून हसायची.

भाईदासचं एक सांगणं तिच्या मनात बसलं होतं. असल्या होड्या जन्मभर जहाजाच्या अंगाला टांगलेल्या असतात. जहाज बुडायला लागलं तरच माणसं घेऊन पाण्यात उतरतात. ही उतरली नाही, म्हणजे त्या जहाजावरची माणसं घरी पोचली. तेव्हापासून सुंदराबाईला होडीचं कौतुक फार. हिलाल यंत्रमागाच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की ती म्हणायची, "आफ्रिका आली. उतरा आता, भाकरी थंड होते."

चैत्रात तापाचं निमित्त होऊन ती गेली. तेव्हापासून हिलाल वाफ्याला कुणाला हात लावू देत नव्हता. तिनं धरलेलं बीच पेरायचा. काठीवर चढलेला गिलक्याचा वेल तर तिनंच लावलेला होता.

आता होडीभोवती माणसं जमली होती. भाईदासनं खांदा लावला. होडी हलली नाही. उलट मातीतून बुडबुडे यायला लागले.

"खालून पाणी भरतंय," तो म्हणाला. "माती काढावी लागेल, हिलालभाऊ. भोक तिच्याखाली आहे."

"माती काढायची नाही."

"मग काय करू?"

"दुसरं काही बघ. टायर बघ, पिंप बघ."

"टायरवर बाळंतीण बसवू?"

म्हातारा दगा ओट्यावरून ओरडला, "हिलालआप्पा, नातवाला मेथीची जुडी बांधून वर धाडणार का?"

कुणी हसलं नाही. हिलाल होडीच्या काठाला धरून उभा राहिला. पाणी त्याच्या मांड्यांपर्यंत आलं होतं.

नूतन भिंतीला धरून पाण्यात उतरली. कळ आली की थांबत होती. ती होडीपाशी आली, वाकली आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागली.

"काय करते? सोड!"

"माले काढू द्या, आबा. आईनंच माले हा वाफा खुरपायला शिकवला." पुढची कळ आली तशी तिनं मूठभर मेथी धरली आणि ती मुळासकट हातात आली.

हिलालनं तिचा हात धरून तिला बाजूला केलं. भाईदासच्या हातातलं फावडं ओढून घेतलं आणि पहिला घाव गिलक्याच्या मुळावर घातला.

घमेली आली. माती पाण्यात पडत गेली. पाणी वाढतच होतं, होडीच्या आतही आणि बाहेरही. शेवटी फावडं कौलाच्या तुकड्यावर वाजलं. वाफ्यातलं पाणी निघून जावं, माती जाऊ नये, म्हणून सुंदराबाईनं भोकावर ठेवलेला तुकडा. तो उचलताच पाणी कारंज्यासारखं वर आलं.

"बूच साखळीला असतं! साखळी बघ!" भाईदास ओरडला.

हिलालनं चिखलात हात घातला. साखळी सापडली. ओढली तर हलकीच वर आली. टोकाला काही नव्हतं.

त्यानं तळहात भोकावर दाबला. "नूतन, चुलीमागं मागाच्या कांड्या आहेत. सांग कुणाला तरी."

सूत गुंडाळायच्या लाकडी कांड्या. मोडक्या झाल्या की तो जळणाला घरी आणायचा. एका बाजूनं जाड, दुसरीकडे निमुळत्या. त्यानं डोक्याचा रुमाल एका कांडीवर घट्ट गुंडाळला, ती भोकात घातली आणि फावड्याच्या दांड्यानं ठोकली. पहिल्या कांडीचे दोन तुकडे झाले. दुसरी बसली. पाणी झिरपत राहिलं, पण उसळायचं थांबलं.

होडीतलं पाणी बादल्यांनी उपसलं. होडी एका बाजूनं उचलली गेली, मग दुसऱ्या बाजूनं.

नूतनला मागच्या भागात निजवलं. भाईदास आणि आणखी दोघं बांबू घेऊन चढले. हिलालनं टाच कांडीवर दाबून धरली. खोलगटात ओढ लागली तशी होडी कलली, नूतन किंचाळली, एकाचा बांबू तळाला टेकेना. हिलालला उठून हात देता येत नव्हता. टाच काढली की संपलं. तो मागे तोंड करून बसला होता. दारापुढची काळी माती विरघळत होती आणि मेथी तुटक तुटक गल्लीभर पसरत होती. त्यानं तिकडून नजर काढली नाही.

होडी भरावाच्या खडीवर घासली. वरच्या माणसांनी हात पुढे केले आणि नूतनला उचलून घेतलं. तिच्या मुठीत अजून मेथी होती. दातांवर दात दाबून ती म्हणाली, "आफ्रिका आली, आबा. उतरा."



"तू हो पुढे," तो म्हणाला. "दगाची म्हातारी राहिली आहे तिकडं." टाच तशीच दाबून त्यानं भाईदासला बांबू लावायला सांगितलं.