बाई पुन्हा घसरल्या

पियानोच्या बाईंना सगळी पोरं मागून घड्याळबाई म्हणायची. शिकवताना त्या हातातली पट्टी पियानोच्या लाकडावर टकटक वाजवत आणि ताल चुकला की थांबवत. ती पट्टी कुणाच्या बोटांवर कधी पडली नव्हती, पण आता पडते की मग पडते, या धास्तीनंच बोटं गारठायची.

त्यांच्याकडे एक मुलगी होती, घरी तिला सगळे बडबडी म्हणत. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू, शिकवणीच्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप.

"आई, पोटात दुखतंय गं."

"तुझ्या पोटाला वार बरा कळतो!" आई म्हणायची आणि वेणी घालून तिला पिटाळायची.

बडबडीचा मामा सिनेमाच्या स्टुडिओत सुतार होता. एकदा तो घरी आला तोच खुशीत. "मुलांचा सिनेमा निघतोय. रंगीत! गाणीच गाणी! एक दुष्ट पियानोमास्तर पोरांना पळवून किल्ल्यात कोंडतो आणि सगळ्यांना एकच अवाढव्य पियानो वाजवायला लावतो. तो पियानो मी बांधतोय."

"मग पोरं सुटतात का रे मामा?"

"सुटतात म्हणजे? बंड करतात! मास्तरला सिंहासनावरून घसरगुंडीनं खाली ढकलतात."

बडबडीनं दोन्ही हात वर केले. "मी ढकलणार!"

सिनेमाला सराईत बोटांची पोरं हवी होती. मामानं बाईंचं नाव सुचवलं आणि बाईंनी सगळा वर्ग पाठवायचं कबूल केलं. अट एकच. "सिनेमा असो नाहीतर काहीही, मनगट खाली पडलेलं मला चालणार नाही."

स्टुडिओत गेल्यावर पोरांचे डोळे विस्फारले. पियानो नदीसारखा वळणं घेत पार भिंतीपर्यंत गेला होता. पट्ट्या नुसत्या लाकडाच्या, मुक्या. गाणं आधीच ध्वनिमुद्रित केलेलं. वर जिन्यांवर जिने, टोकाला सिंहासन आणि तिथून खाली येणारी लालभडक घसरगुंडी.

पोरं इतकी खूश झाली की दिग्दर्शकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"अरे, तुम्हाला कोंडलंय! घाबरा जरा!"

पोरं खिदळली. दुष्ट मास्तर झालेला नट डरकाळी फोडायला गेला, तर त्याची मिशीच सुटून हनुवटीवर आली. मग तर हसून हसून पोरांची मुरकुंडी वळली.

एवढ्यात दार उघडलं आणि मनगटं तपासायला बाई आत आल्या.

चिडीचूप. सगळ्या पाठी ताठ झाल्या, बोटं पट्ट्यांवर गेली, चेहरे पांढरेफटक पडले.

"कॅमेरा!" दिग्दर्शक ओरडला. दृश्य एका दमात पार पडलं.

"बाई, कमाल केलीत!" तो धावत आला.

"मी तर काहीच केलं नाही."

"तेच तर! तुम्ही नुसत्या आलात आणि पोरांची पाचावर धारण बसली!"

तो गौरवानंच म्हणाला, पण बाईंचा चेहरा उतरला. त्या कोपऱ्यातल्या खोक्यावर जाऊन बसल्या. बडबडीला राहवेना, ती जवळ गेली.

"काय गं, एवढी भीती वाटते माझी?"

खोटं कसं बोलायचं? "हो बाई. पोटात दुखतं."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्ही मन लावून वाजवता म्हणून गप्प असता."

तिकडे वेगळाच घोळ झाला होता. नट सिंहासनावर चढला, त्यानं घसरगुंडीवरून खाली पाहिलं आणि खांबाला मिठी मारली. "माझ्याच्यानं व्हायचं नाही! भोवळ येते मला!" दिग्दर्शकानं कपाळाला हात लावला. पाठमोरं दृश्य होतं. त्याच्या उंचीचं कुणीतरी हवं होतं.

"मास्तरचा तो डगला इकडे द्या," कोपऱ्यातून आवाज आला.

बाई पदर खोचून, डगला घालून, टोपी चढवून तरातरा जिने चढल्या आणि सिंहासनावर बसल्या. पोरं मागे जमली. पण बाईंना हात लावायची छाती कुणाची?

"ढकला!" खालून दिग्दर्शक ओरडला. कुणी हलेना.

बाईंनी मान वळवली. "अरे, ढकला की! आणि तालात! एक, दोन, तीन..."

बडबडीनं डोळे मिटून दोन्ही हातांनी ढकललं. बाई किंचाळत, गिरक्या घेत घसरल्या आणि धप्पकन खालच्या गाद्यांच्या ढिगात बुडाल्या. वरून पोरं वाकून बघू लागली. मामा हातोडी टाकून धावला.

ढिगातून आधी टोपी वर आली, मग बाई. केस विस्कटलेले, चष्मा कानाला लोंबकळतोय, आणि त्या पोट धरून हसत होत्या. बाईंना हसताना पोरांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"झकास!" दिग्दर्शक म्हणाला. "झालं आपलं काम!"

"झालं कसं?" बाई डगला झटकत म्हणाल्या. "तीनवर ढकललं यांनी. चारवर हवं होतं. पुन्हा!"

पुन्हा झालं. मग टोपी वाकडी होती म्हणून आणखी एकदा. शेवटी दिग्दर्शकानं हात जोडले, "बाई, फिल्म संपेल हो!"

शिकवणी पुढेही चालूच राहिली आणि मनगटावरून बोलणीही बसत राहिली. पण "बाई, हे मला जमत नाही," असं आता तोंडावर सांगता येऊ लागलं.

त्या संध्याकाळी मात्र स्टुडिओच्या ट्रकमधून घरी निघताना बाई पुढे ड्रायव्हरशेजारी न बसता मागे पोरांत येऊन बसल्या. बडबडीनं सिनेमातलं गाणं सुरू केलं. बाईंनी खालच्या पट्टीत सूर धरला. ट्रक पहिल्या मुलाच्या दारात येऊन थांबला, तरी उतरायचं नाव कुणी घेईना.