बंद होतानाचा हिसका

"आत्याला भास होतात," असं माझा स्वप्नील चाळीच्या गॅलरीत, सगळ्या कमिटीसमोर बोलला. सख्ख्या आत्याबद्दल. वर चहाही मागितला. लाज म्हणून नाही मेल्याला!

नलू माझी नणंद. लालबागच्या आमच्या चाळीत तिची खोली बरोब्बर डेअरीच्या डोक्यावर. खालच्या फ्रीजरचा कॉम्प्रेसर खोली हादरवतो, ही तिची तक्रार. स्वप्नील असलीच मशिनं तपासतो. त्यानं मशीनच्या चारी पायांना सेन्सर चिकटवले, छोट्या हातोडीनं टकटक केलं, आणि कुठला पाय जमिनीला किती जोर लावतो ते काढलं. जोर म्हणे मामुली, तसा रिपोर्टही कमिटीला दिला. झालं! नलूची लेक मेघना आईला अँटॉप हिलला आपल्या घरी न्यायला निघाली. भास होणाऱ्या बाईला एकटं कोण ठेवणार?

मला चैन पडेना. नलूचं नि माझं कधी पटलं नाही, पण खोटं ती बोलत नाही. गेले तिच्याकडे. ती बोचक्यात लुगडी बांधत होती.

"बस वहिनी. तूपण बघ माझे भास."

बसले. खाली मशीन घुरघुरत होतं, तळव्याला जेमतेम मुंग्या. उठले, खिडकीशी गेले, परत बसले. तिच्या तोंडाकडे बघवेना.

"काय नाय गो नलू. जाऊ मी?"

"थांब गो. बंद कुठं झालाय अजून?"

घुरघुर थांबली, आणि थांबता थांबता असा हिसका बसला की खाट भिंतीवर आपटली. माझा हात आपसूक नलूच्या हातावर गेला.

तशीच खाली उतरले. स्वप्नील डेअरीवाल्या कोंडीरामशी गप्पा ठोकत होता.

"मोजलंस तेव्हा मशीन चालू होतं?"

"मग काय बंद मशीन मोजू, आई?"

"बंद होताना मोजलंस?"

"अगं, ते एका सेकंदाचं असतं..."

"दर वीस मिनटांनी एक सेकंद. म्हातारीनं झोपायचं कधी?"

त्यानं गुमान सेन्सर पुन्हा लावले. मी येरझाऱ्या घातल्या. मशीन थांबलं, आणि मोबाइलवरची रेघ चौकटीबाहेर उडाली.

"चालू असतानाच्या पाचपट आहे," तो पुटपुटला. "स्प्रिंगवर उभं आहे ना, थांबताना झोल खाऊन खाली आपटतं. रिपोर्ट बदलतो मी."

"रिपोर्ट बदल, खालची स्प्रिंग बदल, काय ते कर," मी म्हटलं. "पण आत्याला वेडी ठरवलीस ती चारचौघांत. चुकलो म्हणायचं तेपण चारचौघांत. आणि मोठ्यानं, तिला हल्ली कमी ऐकू येतं."