उजव्या सीटवरचा शब्द

पेट्रोल पंपावर गाडी उभी केली की दोन मिनिटांत कोणीतरी म्हातारा येतोच. आधी गाडीभोवती एक प्रदक्षिणा, मग ठरलेला प्रश्न, "पितेय किती?" मी सांगतो, "माझ्यापेक्षा जास्त." मग तो सांगतो की त्याच्या मामाकडे अगदी अशीच होती. इंग्लंडातल्या सगळ्या मामांकडे एकेकाळी सहासष्ट सालची लाल कॉर्व्हेट असती, तर अमेरिकेत एकही उरली नसती.

त्या शनिवारी फेकनमच्या पंपावरही असाच एक आला. एरवी अशा वेळी माझी बायको एव्हरिल शेजारच्या सीटवरून म्हणते, "अहो, निम्मं पेट्रोल तर याच्या बढाया ओढून न्यायला लागतं." म्हातारे खूश होऊन जातात. त्या दिवशी ती गप्प होती. नाश्त्यापासूनच तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली होती.

नाश्त्याला मी तिला बातमी दिली होती. गाडीला गिऱ्हाईक मिळालंय. पीअर्स नावाचा कोणी सरेहून क्रोमरला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला येणार, एक वाजेपर्यंत थांबणार, गाडी आवडली तर तिथंच व्यवहार. "तुझ्यासाठीच करतोय," मी म्हणालो, आणि ते शंभर टक्के खरं होतं. हिवाळ्यात तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ही गाडी जमिनीला पोट टेकून चालणारी. आत बसायचं तर आधी आडवं टेकायचं, मग एकेक पाय उचलून आत घ्यायचा, आणि मधल्या वेळात तिच्या तोंडून जे शब्द निघतात ते चर्चच्या आवारात चालणारे नाहीत. शिवाय तीस वर्षं ऐकत आलो होतो. उन्हात सीट भाजते, पावसात छत गळतं, केसांचं घरटं होतं. "ही गाडी नाही, चाकांवरची शिक्षा आहे," हे तिचं आवडतं वाक्य. मला वाटलं, सुटका झाली म्हणून उठून नाचेल. मी स्वतः आदल्या संध्याकाळी गॅरेजमध्ये बसून थोडा रडलो होतो, पण ते तिला सांगायचं कारण नव्हतं. तिनं टोस्टच्या चारही कोपऱ्यांपर्यंत लोणी लावलं, "बरं" म्हणाली, आणि तिथून पुढे अवाक्षर नाही.

आता या गाडीत बायको गप्प बसली की काय होतं ते सांगतो. गाडी अमेरिकन, त्यामुळे स्टिअरिंग डावीकडे. आमचे रस्तेही डाव्या बाजूचे. म्हणजे मी बसतो कुंपणाच्या झुडपाला लागून. हात बाहेर काढून ब्लॅकबेरी तोडायला सोयीचं, पण पुढे एखादा ट्रक असला की समोरून काय येतंय ते मला दिसत नाही. ते दिसतं उजव्या सीटवरच्याला. त्यानं बाहेर वाकून बघायचं आणि सांगायचं, "जा" किंवा "थांब". आमच्या अमेरिकन गाड्यांच्या क्लबात बाकी कशावरही वाद होतो, अगदी चहात दूध आधी घालायचं की नंतर यावरही, पण उजव्या सीटवरच्या शब्दावर वाद नाही आणि तिथं थट्टा नाही. माझा मित्र नेव्ह मस्टँग चालवतो, तीही डाव्या स्टिअरिंगची. त्याची बायको एकदा म्हणाली, "जा... बहुतेक." तेव्हापासून ती स्वतःच्या छोट्या गाडीतून मागून येते. एव्हरिलच्या तोंडी तीस वर्षांत एकदाही "बहुतेक" आलेलं नाही.

होल्ट गाव सोडलं आणि पुढे ट्रॅक्टर लागला. मागे ट्रेलर, त्यावर पेंढ्याच्या गठ्ठ्यांची दुमजली इमारत. वेग असा, की शवयात्रेनं मागे टाकावं. बारा वाजून गेले होते.

"आता?" मी विचारलं.

ती बाहेर वाकली. "थांब."

समोरून एक बस गेली. मग दोन मोटारी.

"आता?"

"थांब."

या वेळी समोरून काहीच गेलं नाही. असेल लांब काहीतरी, मी म्हटलं. पेंढ्याच्या काड्या उडून माझ्या टक्कलावर बसत होत्या. पुढे चांगला लांब सरळ रस्ता होता. तिथंही "थांब", आणि तिथंही समोरून कोणी आलं नाही. आमच्या मागे गाड्यांची रांग लागली होती आणि एक जण हॉर्नवर हात ठेवून होता.

मग रस्ता डावीकडे वळला. डाव्या वळणावर या गाडीची एक गंमत आहे. थोडं मागं राहिलं, तर ट्रेलरच्या डाव्या अंगानं मला पुढचा रस्ता दिसतो. दिसला. पार लांबच्या चर्चपर्यंत, धुऊन ठेवलेल्या ताटासारखा मोकळा.

"आता?" मी विचारलं.

एव्हरिलनं डोक्याचा रुमाल धरला, बाहेर वाकून नीट बघितलं, सावकाश परत टेकून बसली.

"थांब."

मला राग आला नाही. तीस वर्षांत त्या सीटवरून पहिल्यांदा मला खोटं ऐकू आलं होतं. पाय ॲक्सिलरेटरवर होता. नुसता दाबला असता तर तो ट्रॅक्टर पुढच्या क्षणी आरशात दिसला असता. पण तिचा शब्द डावलून, स्वतःच्या डोळ्यांवर विसंबून एकदा पुढे गेलो, की मग तो शब्द कायमचा संपला, एवढं मला कळत होतं. मी पाय काढून घेतला. मागचा हॉर्नवाला काय काय बोलला ते वाऱ्यावर गेलं, बरं झालं.

क्रोमरला पोचलो तेव्हा एक वाजून गेला होता. नेव्ह फाटकाशीच उभा.

"काय लेन, ढकलत आणलीस?" तो म्हणाला. "तुझं गिऱ्हाईक गेलं. पांढरी पँट घालून आला होता, गवतावर बसायची सोय नाही. क्रॅब सँडविच खाल्लं, घड्याळ बघितलं, गेला. उद्या तुझ्या घरी येतो म्हणालाय. फोन कर त्याला."

आम्ही कड्याच्या काठाला गाडी लावली. एव्हरिलनं थर्मास उघडला. समोर समुद्र, नेहमीसारखा करडा.

"डाव्या वळणावर तुला दिसतं," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे."

"दिसतं."

"आज किती दिसलं?"

"चर्चपर्यंत."

"मग गेला का नाहीस?"

"तू थांब म्हणालीस."

तिनं चहाचा घोट घेतला. "लेन, घरात मी म्हटलं की बॉयलर बिघडलाय, तर तू आधी जाऊन त्याला हात लावून बघतोस. मग नेव्हला फोन करतोस. मग येऊन मलाच सांगतोस, एव्हरिल, बॉयलर बिघडलाय. लग्न झाल्यापासून हेच. या एका सीटवर मी एक शब्द बोलते आणि तू त्यावर जीव सोपवतोस. तीच सीट विकायला काढलीस. वर म्हणतोस, माझ्यासाठी."

"सकाळीच सांगायचं होतंस," मी म्हणालो.

"सांगितलं असतं तर तू नेव्हला विचारलं असतंस."

हे खोटं म्हणायची सोय नव्हती.

"आणि खुबा?"

"खुबा माझा आहे. बसायला पाच मिनिटं लागतात, तर तू पाच मिनिटं थांब. थांबता येतं तुला, आजच बघितलं मी."

मी तिथूनच पीअर्सला फोन लावला. गाडी विकायची नाही म्हणालो.

"किमतीचा प्रश्न असेल, मिस्टर थर्केटल, तर आपण बोलू शकतो."

"किमतीचा नाही. बायको थांब म्हणतेय."

"मी त्यांच्याशी बोलून बघू का?"

"नको," मी म्हणालो. "तिचा शब्द शेवटचा असतो."

एव्हरिल समुद्राकडे बघत होती, पण कान इकडेच होते. तिनं उरलेल्या सँडविचमधला मोठा तुकडा माझ्याकडे सरकवला.

परतताना पुढे एक कॅरव्हॅन लागली, रस्ताभर रुंद. वळण उजवीकडे जाणारं. माझ्या बाजूनं पांढऱ्या पत्र्याशिवाय काही दिसत नव्हतं.

"आता?"

ती वाकली. चांगला वेळ घेतला. रुमालाची गाठसुद्धा पुन्हा बांधली.

"थांब," ती म्हणाली. एक व्हॅन धडधडत गेली. मग वळण संपलं आणि ती म्हणाली, "जा."

मी गेलो.