घरचं मशीन

चिमट्याच्या टोकावर ते चाक होतं आणि नव्हतंही — श्वास जरा जोरात सोडला असता तर उडून गेलं असतं; पण भिंगाखाली आणलं की एकदम अंगावर यायचं, त्याचे दात दिसायचे, आणि त्यातले तीन-चार एकाच बाजूनं झिजलेले, चमकणारे... रेजीननं भिंग डोळ्यावरून काढलं. पुन्हा लावलं. दात तसेच.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"ल्योंहून आलंय. दाताचा डॉक्टर आहे," लुसेत म्हणाली, आणि तिचं तिलाच हसू आलं. "हसू नये, पण काय करू. हात एका जागी ठेवून काम करणारा माणूस. घड्याळ बिचारं भरतच नाही. सकाळी उठून बघतो तर बंद. तिसऱ्यांदा आलंय, मॅडम."

लुसेत या कारखान्यात रेजीनच्याही आधीपासून होती. घरचं मशीन — घड्याळाच्या पोटातलं, विकत न घेता इथेच घडवलेलं यंत्र — पहिल्यांदा जुळवलं तिनंच, आणि परत आलेली घड्याळंही आता तीच उघडते. तिनं ते चाक मऊ कातड्यावर ठेवलं आणि रेजीनकडे बघत राहिली. आता याचं काय करायचं, हे विचारलं नाही. सहा महिने कुणीच विचारत नव्हतं.

दोष सरळ होता. हात हलला की मशीनमधलं अर्धचंद्रासारखं वजन फिरतं, कुठल्याही बाजूला फिरलं तरी ही बारकी चाकं स्प्रिंगला भरत राहतात — भरायला हवी. पण दीड-दोन वर्षांनी ती अडकतात, झिजतात, वजन नुसतंच फिरत राहतं आणि घड्याळ माणसाच्या मनगटावर, माणूस जिवंत असताना, थांबतं. हे मशीन तेओनं केलं होतं. तेओ म्हणजे तेओफील, तिचा नवरा. यातलं एकेक चाक त्याच्या डोक्यातून आलेलं, आणि हा दोषही त्याला तिच्या आधी, सगळ्यांच्या आधी कळला होता. त्याच्या मागे तो दोन हिवाळे होता. आणि मग मे महिन्यातल्या त्या संध्याकाळी, पाव कापता कापता, सुरी तशीच हातात धरून तो म्हणाला होता —

"सापडलं."

"काय?"

"उद्या सांगतो. आधी डोक्यात नीट बसू दे."

कागदावर काढण्याआधी डोक्यात बसू देणं ही त्याची लहानपणापासूनची सवय. सकाळी तो न्हाणीघरात पडलेला सापडला. मेंदूत रक्ताची गाठ. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, आणि बोलणं गेलं — सगळं नाही, एक शब्द राहिला. "हो." भूक लागली का, हो. नको का, हो. तू तेओ ना, हो. तू आर्मां ना — म्हणजे त्याचा भाऊ — तरीही हो. समजतं बरंच, असं डॉक्टरीण म्हणाली; आतून 'नाही' निघतं आणि तोंडापर्यंत येता येता त्याचं 'हो' होतं. किंवा आतूनही 'हो'च निघत असेल. ते बाहेरून सांगता येत नाही.

बाहेरून... मला तर आयुष्यभर बाहेरचंच कळलं. मी डायलवाली. आकडे कुठे बसवायचे, निळा किती निळा, काट्याची सावली किती पडू द्यायची, हे माझं. त्याच्या मागे जे चालतं ते तेओचं. लग्नाच्या जेवणात तो उभा राहून म्हणाला होता, ही चेहरा बघेल, मी पोट बघतो — आणि सगळे हसले होते, माझी आई सोडून.

आर्मां दहाच्या सुमारास आला. तेओचा थोरला भाऊ, विक्री त्याच्याकडे. दारातून आत येताना कधी टकटक केली नाही आणि कोट कधी खुंटीला लावला नाही.

"त्या मशीनवाल्या कंपनीचा पुन्हा फोन आला," तो खुर्चीत बसत म्हणाला. "संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही. पुढच्या वर्षीची मशीनं आज सांगितली तर मिळतील, नाहीतर आपली जागा दुसरा घेणार. ते काही आपले मावसभाऊ नाहीत."

"कळलं."

"कळलं हे तू महिनाभर म्हणत्येस." मग आवाज खाली आणून, "अगं, दुसऱ्याचं मशीन घातलं म्हणून घड्याळ उसनं होत नाही. निम्म्या गावाची घड्याळं त्याच मशीनवर चालतात. आणि चालतात, रेजीन! बिघडलं तर कुठल्याही गल्लीतला कारागीर दुरुस्त करतो. पोटात काय आहे ते कोण बघतं?"

"मागच्या झाकणाला काच आपणच लावली ना. सगळे पोटच बघतात."

"मग काढू काच." तो हसला. ती हसली नाही, तसा तोही थांबला. कोटाच्या बटणाशी चाळा करत म्हणाला, "मला काय हौस आहे? माझ्या भावाचं आहे ते. पण बंद पडलेल्या घड्याळावर आमचं आडनाव असतं, त्याचं काय?"

"तेओला दोष सापडलाय," ती म्हणाली. "त्यावरचा उपाय सापडलाय."

हे वाक्य तिनं इतक्या वेळा म्हटलं होतं की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्या होत्या. खिडकीबाहेर समोरच्या छतावर ऊन होतं. लुसेतच्या टेबलाकडून कुठलातरी स्क्रू फिरवल्याचा आवाजसुद्धा येत नव्हता, म्हणजे ती ऐकत होती. बाहेरचं मशीन जुळूनच येतं. त्याला लुसेत लागत नाही. हे आर्मांनं सांगितलं नव्हतं, लुसेतनंही नाही.

"मी त्याला विचारून येते," रेजीन म्हणाली.

"कुणाला?"

दोन्ही मशीनं — घरचं एक, बाहेरचं नमुन्याला आलेलं एक — प्लॅस्टिकच्या डब्यांत घालून तिनं पर्समध्ये ठेवली.

वर डोंगरात, बोगद्यापर्यंत ऊन होतं. बोगदा उतरून खाली गेलं की नोव्हेंबरात तळ्यावर नेहमीच धुकं असतं, वरचे लोक खालच्यांची त्यावरून थट्टा करतात. आज तिला ते धुकं बरं वाटलं, गाडी हळू चालवायला कारण मिळालं. ती मनातल्या मनात प्रश्न घोळवत होती. हो-नाहीचा प्रश्न विचारायचाच नाही. दोन्ही समोर ठेवायची, आणि म्हणायचं, तेओ, निवड. डावा हात आहे की चांगला. हात तर खोटं बोलत नाही... की हातही 'हो'च म्हणेल?

आणि समजा त्यानं बाहेरचं निवडलं. मग मला काय वाटेल? — गाडी वळणावर आली आणि हा विचार इतका उघडा समोर आला की तिनं उगीचच ब्रेक दाबला. सुटल्यासारखं वाटेल. हो, वाटेल. कारण बाहेरच्या मशीनच्या दिवसांत तो सहाला घरी यायचा. दुसऱ्याची मशीनं घासूनपुसून, ठीकठाक करून आम्ही विकत होतो, कुणाला लाज नव्हती. रविवारी रानात शेकोटी करून राखेत सॉसेज भाजायचो, आणि तो गवतावर पडून घोरायचा. मग त्यानं घरचं मशीन करायला घेतलं आणि आठ वर्षं मी एकटी जेवले. तो समोर बसलेला असायचा, तरी. ते मशीन मला कधी आवडलं नाही, आणि आता त्याची वकिली करायला मीच उरले आहे. आणि मी नको म्हटलं, तर ते मशीनला नको म्हटलं, की त्यालाच... बाहेरचं घेणं म्हणजे लेखी देणं, की तो आता उठणार नाही. हे आर्मांला का कळत नाही? की कळतं?

तेओ शुश्रूषागृहाच्या जेवणघरात खिडकीशी होता. दुल्से त्याला भरवत होती — तिथली मदतनीस, पोर्तुगालची, दंडाला बळकट, एक बोलकी बाई.

"बघा साहेब, कोण आलं! आज दाढी कुणासाठी केली ते कळलं," ती म्हणाली, आणि रेजीनला, "बटाटा सगळा खाल्ला. मांस बाजूला काढलं, लबाड."

"हो," तेओ म्हणाला. तोंडाची एक बाजू हसली.

रेजीननं ताट सरकवलं, टेबल रुमालानं कोरडं केलं, तो रुमाल पसरला आणि त्यावर दोन्ही मशीनं ठेवली. त्याचा चेहरा बदलला. खरंच बदलला — डोळे बारीक झाले, मान किंचित तिरपी झाली, अगदी कामाला बसल्यावर व्हायची तशी. त्यानं डाव्या हातानं आधी बाहेरचं मशीन उचललं, कानाशी धरलं. बराच वेळ धरलं. मग खाली ठेवून मान हलवली, चांगल्या कामाला हलवतात तशी.

मग घरचं. अंगठ्यानं त्याचं वजन फिरवलं, थांबवलं, उलटं फिरवलं. त्यानं ते तिच्यापुढे धरलं, तिच्या हातात ठेवलं, आणि तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं — कौतुकानं, मुलीनं चित्र काढून आणलं की बाप थोपटतो तसं.

"हो, हो," तो म्हणाला.

त्याला वाटलं होतं, हे तिनं केलंय.

"तेओ, हे तुझं आहे," ती म्हणाली. "तू केलंस. त्या चाकांचं काय करायचं ते तुला सापडलं होतं. पाव कापताना. आठवतं? काय सापडलं होतं?"

त्यानं तिच्याकडे पाहिलं. कपाळावरची शीर वर आली. "ते..." तो म्हणाला. नवा शब्द! दुल्सेचा हात चमच्यासकट थांबला. "ते... ते..." आणि मग डाव्या हाताचं बोट रुमालावर टेकलं आणि फिरू लागलं. वर्तुळ. पुन्हा वर्तुळ. त्याच्या शेजारी दुसरं, लहान. मोठं, मग लहान. रेजीन टेबलावर वाकली. दोन चाकं. एक मोठं, एक लहान, आणि लहान मोठ्याच्या कुठे लागतं ते... "इथे?" तिनं स्वतःचं बोट ठेवलं. "इथे लागतं? की खाली?" त्यानं तिचं बोट अधीरपणे ढकललं, पुन्हा गिरवलं — मोठं, लहान, मोठं, लहान — "ते!" आणि त्याचे डोळे पाण्यानं भरले, आणि ती पर्समध्ये पेन शोधू लागली, पेन, कुठे गेलं पेन...

"बशी मागताहेत, मॅडम," दुल्से हलकेच म्हणाली. "वाटी आणि बशी. जेवणानंतर सफरचंदाचं गोड असतं ना. मीच विसरले आज."

ती उठून गेली आणि घेऊन आली. बशी, त्यात वाटी. तेओनं सुटकेचा मोठा श्वास सोडला, "हो," म्हणाला, आणि खाऊ लागला. सावकाश, मन लावून. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं ओघळलं, ते रेजीननं पुसलं. दोन्ही मशीनं रुमालावर होती. बाहेरचं चालू होतं. घरचं, वजन फिरवल्यामुळे, तेही चालू होतं, आणि अशी समोरासमोर बघितली तर... तिला पहिल्यांदाच जाणवलं, की तिला दोघांतला फरक दिसत नाही. म्हणजे दिसतो, भाग वेगळे, घाट वेगळा. पण कुठलं घ्यावं हे जिथून कळतं ती जागाच तिच्यात नाही. ती जागा सफरचंद खात होती.

आणि त्या संध्याकाळी तरी काय सापडलं होतं? सुरी सापडली असेल. चष्मा असेल. तो आठवडाभर कुठलातरी हातमोजा शोधत होता, नव्हता का? मीच ठरवलं, की चाकच. सहा महिने मीच सगळ्यांना सांगत आले. त्यानं "सापडलं" म्हटलं होतं, "उद्या सांगतो" म्हटलं होतं; चाक हा शब्द काढला नव्हता.

निघताना तिनं त्याच्या कपाळाला ओठ लावले. तो दुल्सेकडे बघून हसत होता.

गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवली नाही. काचेपलीकडे तळं असणार, पण धुक्यात ते नव्हतंच. कुठूनतरी बदकांचा आवाज येत होता. फोन वाजला. वाजू दिला. पुन्हा वाजला.

"भेटला?" आर्मांनं विचारलं.

"हो."

"काय म्हणाला?" आणि लगेच, स्वतःवरच चिडून, "म्हणजे... तू काय म्हणतेस? रेजीन, ते लोक पाचला कचेरी बंद करतात. मी त्यांना काय सांगू? तू सांगशील ते सांगतो. खरंच. तू घरचंच म्हणालीस तर मी परत एक अक्षर काढणार नाही."

असं म्हणायला नको होतं त्यानं. भांडला असता तर सोपं होतं. भांडणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला उभं तरी राहता येतं. तिला काहीतरी बोलायला हवं होतं, वेळ काढण्यापुरतं, कुठलंही, आणि जे जवळ सापडलं ते ती बोलू लागली —

"तेओ म्हणायचा, घालणाऱ्याला वेळ कळावी, मशीन कुणाचं ते कळायची गरज..."

म्हणायचा.

वाक्य तिथेच राहिलं. पलीकडून आर्मांचा श्वास ऐकू येत होता. त्यानंही ते ऐकलं होतं, आणि तोही ते खोडून काढत नव्हता. मागे त्या इमारतीत, खिडकीशी, तो वाटी खरवडत असेल. जिवंत, तृप्त. ती दुरुस्त करू बघत होती — म्हणतो, तेओ म्हणतो — एवढंच, शब्दाचा शेवट तेवढा बदलायचा. तिनं तोंड उघडलं, आणि तो शब्द जिभेवर आला, पण त्यात आवाज शिरेना.

"रेजीन?" आर्मां म्हणाला. "आहेस ना?"