ठेंगण्या घरातला लॅपटॉप

मित्रांनो, मी एक लॅपटॉप आहे. जुना म्हणायचं की म्हातारा, ते तुम्हीच ठरवा. माझ्या बिजागरीला तार गुंडाळलेली आहे, काही बटणं दाबली की दबलेलीच राहतात आणि बॅटरी तर केव्हाच काढून टाकलेली आहे. वायर भिंतीतल्या प्लगमध्ये आहे तोवर मी जिवंत. वायर निघाली की सगळा काळोख.

कारखान्यातला जन्म मला फारसा आठवत नाही. आठवतं ते समुद्रापारच्या सेमारांग या बंदराच्या शहरातल्या एका जहाज कंपनीच्या कचेरीतलं गार टेबल. "हा कधी अडत नाही," असं तिथले साहेब कौतुकाने सांगत. मग नवे, सडपातळ लॅपटॉप आले आणि मी लोखंडी कपाटात गेलो. तिथे दिवस आणि रात्र सारखीच असे. पुढे कोणीतरी मला एका शाळेला देऊन टाकलं आणि शाळेतल्या वेनिंग बाईंनी मला लारासच्या हाती सोपवलं.

लारास अकरावीत होती. तिचं गाव समुद्राच्या काठी नाही, आता समुद्रातच आहे. आधी भातशेतं गेली, मग रस्ता गेला. घरांना जोडणारी बांबूची पायवाट तेवढी उरली. लारासचे वडील जुमारी यांनी मला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि होडीतून घरी आणलं.

आत शिरलो आणि वाटलं, परत कपाटातच आलो की काय! त्या गावात पाणी घरात येऊ लागलं की लोक भर घालून जमीन उंच करतात. जमीन वर येते, छप्पर मात्र जागचं हलत नाही. जुमारींनी इतक्यांदा भर घातली होती की दार कमरेएवढं उरलं होतं आणि खिडकी गुडघ्याशी आली होती. ते घरात कायम पाठ वाकवून वावरत. उभं राहून करण्यासारखं त्या घरात काही उरलंच नव्हतं.

लारासला एका स्पर्धेत उतरायचं होतं. देशोदेशीच्या शाळकरी मुलांसाठी समाजशास्त्राची स्पर्धा, सगळी इंटरनेटवरूनच. आपल्या भोवतालची माणसं अशी का वागतात ते पाहायचं, त्यांना विचारायचं आणि निबंध लिहायचा. निवड झाली तर कॅमेऱ्यासमोर बसून परीक्षकांशी बोलायचं. पहिल्या येणाऱ्याला बाहेर शिकायला बोलावणार होते. 'बाहेर' हा शब्द लारास फार हळू आवाजात उच्चारायची.

तिचा पहिला निबंध होता, 'समुद्रावर प्रेम करणारी आमची माणसं.' तो वाचून वेनिंग बाईंचा फोन आला.

"छान लिहिलंयस. पण हे कुठल्याही गावाबद्दल म्हणता येईल गं. तू लोकांच्या घरी गेली होतीस का?"

"बाई, घरात कोणी बोलावतच नाही."

"का बरं?"

"आम्हीपण कोणाला बोलावत नाही," ती म्हणाली.

"मग तेच लिही की!"

त्यानंतर लारास दारोदार फिरली. लोकांचं बोलणं ती मोबाइलवर टिपून आणी आणि माझ्यासमोर बसून उतरवून काढी, म्हणून मलाही ते ऐकायला मिळालं. शेजारच्या सुमिनाह काकू म्हणाल्या, "आत काय बघणार गं? माझं रांगणं?" त्या खळखळून हसल्या, पण दारातून बाजूला झाल्या नाहीत. कोणी सांगितलं, हल्ली साखरपुडे शहरातल्या नातेवाइकांकडे होतात. एका घरात आजोबा वारले तेव्हा जनाजा दारातून आत जाईना. मुलांनी त्यांना हातांवर घेऊन गुडघ्यांवर सरकत बाहेर आणलं. हे ऐकताना लारासची बोटं माझ्या बटणांवर थांबली होती.

तिने लिहिलं, 'पाण्याने आम्हाला घरात कोंडलं. एकमेकांपासून मात्र आम्हीच स्वतःला कोंडून घेतलं. आपल्याला वाकलेलं कोणी पाहू नये, म्हणून आम्ही बोलावणं सोडलं.'

निबंध निवडला गेला. लारासने आनंदाने तो घरी वाचून दाखवला आणि जुमारी संतापले.

"घराची लाज परक्यांपुढे मांडलीस?"

"बापाक, लाज कसली यात?"

"लिहिलंस ते लिहिलंस. पण या घरात बसून कोणाला तोंड दाखवायचं नाही. आधीच सांगून ठेवतो."

"अहो, पोरीने काय दरोडा घातलाय का?" लारासची आई चुलीपासून म्हणाली. "शाळेत जाऊन बोलेल ती."

तसंच ठरलं. पण परीक्षकांशी बोलायच्या दिवशी सकाळपासून वारा सुटला, भरती चढली आणि पायवाट पाण्याखाली गेली. होडी सुटणं शक्य नव्हतं. लारास दाराशी रांगत गेली, पाणी पाहून परत आली आणि तिने माझी वायर प्लगमध्ये खोचली. आईने तिच्या मागे कापड टांगलं. जुमारी येऊन भिंतीशी उभे राहिले. त्यांचा हात प्लगवर होता. मित्रांनो, माझा जीव त्या हाताखाली होता आणि मला हलताही येत नव्हतं.

पडद्यावर परीक्षक बाई आल्या. लारास बोलू लागली. तेवढ्यात वाऱ्याने कापड उडालं आणि मागे उभे असलेले जुमारी कॅमेऱ्यात दिसले.

बाई कौतुकाने हसल्या. "हे तुझे वडील का? किती नम्र आहेत! आम्हाला वाकून नमस्कार करताहेत."

लारासने मागे वळून पाहिलं. होय म्हटलं असतं तर झाकलेलं सगळं झाकलेलंच राहिलं असतं. बापाचा मान राहिला असता आणि माझी वायरही जागेवर राहिली असती.

"नाही बाई," ती म्हणाली. "ते वाकलेले नाहीत. ते उभे आहेत."

परदेशी भाषा जुमारींना कळत नव्हती. "काय म्हणाल्या त्या? तू काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं. लारासने खरं तेच सांगितलं. मला वाटलं, आता काळोख होणार.

त्यांचा हात प्लगवरून निघाला. वायर तशीच राहिली. ते पुढे आले, कॅमेऱ्यासमोर थांबले आणि त्यांनी तळहात वरच्या कौलाला टेकवला. कोपर सरळ करायलाही जागा नव्हती.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "लग्न झालं तेव्हा हे कौल बदलायला मला शिडी लागायची."

लारास पहिली आली नाही. तिला उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्र मिळालं, ते माझ्या पडद्यावर आलं. बाहेर जाण्याचं राहून गेलं. त्या संध्याकाळी ती माझं झाकण मिटून त्यावर डोकं टेकून बसली होती. तेव्हा जुमारी दाराशी गेले आणि पाण्यापलीकडे ओरडले, "सुमिनाह! या गं सगळे. पोरीचं प्रशस्तिपत्र बघायला या!"

माणसं आली. एकेक जण दारातून ओणवा होऊन आत शिरला. कोणाचं डोकं आपटलं, कोणी हसलं. सुमिनाह काकू म्हणाल्या, "जुमारी, तुझं छप्पर माझ्यापेक्षा उंच आहे की रे! मी उगाच लाजत होते." मग बोलणं वाढलं आणि नव्या जागेची मागणी करायला सगळ्यांनी मिळून सरकारी कचेरीत जायचं ठरलं.

जागा अजून मिळालेली नाही. घर तेवढंच ठेंगणं आहे आणि मीही इथेच आहे. खाऱ्या हवेने माझे सांधे गंजत चाललेत. मला कोणी अधूनमधून पुसलं तर बरं वाटतं, पण माझं सोडा. मित्रांनो, तुमच्या ओळखीचं कोणी तुम्हाला घरी बोलवायचं थांबलं असेल, तर रागावू नका. एकदा त्याच्याकडे जाऊन या. दार ठेंगणं असलं तर वाका, पण जा.