कप्तान विश्वसेनवरचा खटला

मी एक जुने बाकडे आहे. डोंबिवलीतल्या एका वाचनालयाच्या मागच्या पडवीत, फुटक्या कुंड्यांशेजारी मी पडून असते. माझ्यावर एक मांजर झोपते. तिचा मला राग नाही. निदान ती माझ्या अंगावर आपले नाव कोरत नाही.

मित्रांनो, बाकडे होण्याआधी मी कल्याणच्या खाडीतल्या एका गलबताची फळी होते. गलबत मोडीत निघाले तेव्हा दगडू सुताराने मला बोटांनी ठोकून पाहिले आणि म्हणाला, "ह्यो लाकूर खारा पानी पिलेला हाय. याला कीर नाय लागाची." या लाकडाला कीड लागायची नाही, या वाक्याचा मला अजून गर्व वाटतो. त्याने मला चार पाय दिले, त्यातला एक किंचित आखूड झाला. तेव्हापासून कुणी बसले की मी कुरकुरते. जित्याची खोड, ती कशी जाणार?

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षे झाली होती. रेशनच्या दुकानाशेजारच्या खोलीत नवे वाचनालय निघाले आणि मी तिथे आले. किल्ली अण्णांकडे असे. अण्णा म्हणजे हरिहरपंत, शाळामास्तर. फाळणीच्या धामधुमीत ते कराचीहून बोटीने आले, काही दिवस कल्याणच्या छावणीत राहिले आणि मग इथे चाळीत दोन खोल्या घेऊन स्थिरावले. सोबत त्यांच्या धाकट्या भावाची बायको मंदाकिनी होती. भाऊ परशुराम आफ्रिकेत नोकरीला आहे, असे अण्णा सर्वांना सांगत.

खरे काय ते मला ठाऊक होते, कारण दर रविवारी सकाळी दार उघडायला ती दोघेच येत. मंदाकिनी मला ओल्या फडक्याने पुसायची, अगदी आखूड पायासकट. पुसता पुसता, मान वर न करता विचारायची, "अण्णा, काही कळलं का?"

"दिल्लीला लिहिलंय. चौकशी चालू आहे," अण्णा म्हणत.

परशुराम आफ्रिकेला कधी गेलाच नव्हता. बोट सुटायच्या दिवशी तो म्हाताऱ्या आत्याबाईंना आणायला शहरात परत गेला, तेवढ्यात तिकडे दंगल उसळली. भोंगा झाला, शिडी उचलायची वेळ आली. मंदाकिनी उतरायला निघाली होती. अण्णांनी तिचे मनगट धरून तिला वर ओढले आणि म्हणाले, तो पुढच्या बोटीने येईल. पुढची बोट आली, त्याच्या पुढचीही आली. लोकांनी तिच्या कुंकवाकडे संशयाने पाहू नये म्हणून अण्णांनी आफ्रिका काढली. खोटे होते, पण मायेपोटी होते.

आता माझ्या वैभवाच्या दिवसांकडे येते. वाचनालयात एक मासिक येई आणि त्यात 'तांबड्या वाळवंटापलीकडे' नावाची वैज्ञानिक कादंबरी क्रमशः छापून येई. 'विहंग' नावाचे यान मंगळावर जाते, कप्तान विश्वसेन त्याचा प्रमुख, अशी ती गोष्ट. अंक एकच आणि वाचणारे ढीगभर. म्हणून अंक आला की रविवारी अण्णा मोठ्याने वाचत आणि बाकीचे ऐकत. वाचन संपले की भांडण सुरू. ते वाचनापेक्षा जास्त वेळ चाले.

एका अंकात मंगळावर धुळीचे वादळ आले. तरुण यंत्रज्ञ अनिरुद्ध हा बाहेर अडकलेल्या वृद्ध शास्त्रज्ञाला आणायला गेला होता. यानातली हवा संपत आली होती. कप्तानाने दार लावले, यान उडवले आणि अनिरुद्ध मागे राहिला. प्रकरण तिथेच संपले.

झाले! वाचनालयात उभी फूट पडली आणि ती माझ्यावरच पडली. कप्तानाच्या बाजूचे दाराकडच्या टोकाला बसू लागले, विरुद्ध बाजूचे खिडकीकडच्या. एखाद्याचे मत बदलले की त्याला सर्वांदेखत सरकत सरकत पलीकडे जावे लागे, असा नियमच झाला. रेल्वेत कारकून असलेला मधु हा कप्तानाचा कट्टर वैरी. कॉलेजात शिकणारी सुहासिनी कधी इकडे, कधी तिकडे.

"अरे, दोन मिनिटं थांबला असता तर काय बिघडलं असतं?" मधु ओरडे.

"दोन मिनिटांत यानातले सगळे मेले असते. हवेचा हिशेब दिलाय वर, वाच नीट!" सुहासिनी म्हणे.

"हिशेब लेखकाने केलाय. माझा त्याच्यावर विश्वास नाही."

डोंबिवलीत बाकड्यावर बसून मंगळावरच्या कप्तानाला शहाणपण शिकवायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच! पण मला मौज वाटे. अण्णा दाराकडच्या टोकाला बसत आणि कप्तानाची बाजू अशी लढवत की मास्तरांचा आवाज रेशनच्या रांगेत ऐकू जाई. "त्याच्या मागे चार जीव होते! त्याने काय करायला हवं होतं, सांगा ना!" असे ते पुन्हा पुन्हा विचारत. मुलांना वाटे, अण्णा रंगात आलेत. मला मात्र ते माझी कड घट्ट धरून बसलेले जाणवत.

मंदाकिनी खिडकीकडच्या अगदी टोकाला बसे. वादात कधी तोंड घालत नसे. पण ती कुठल्या बाजूला बसली आहे, हे अण्णांना दिसत होते.

नेमके तेव्हाच मासिकाचे अंक यायचे थांबले. छापखान्यात काही अडचण होती म्हणे. गोष्ट अर्धवट लोंबकळत राहिली आणि मंडळी कासावीस झाली. त्याच सुमारास गणेशोत्सव आला. त्या दिवसांत हौशी वकील मंडळी अभिरूप न्यायालय भरवत, म्हणजे खोटा खटला, खरी भाषणे आणि भरपूर हशा. मधुच्या डोक्यात आले, आपण कप्तान विश्वसेनवर खटला भरू या! ठाण्याच्या कोर्टातले एक वकील न्यायाधीश व्हायला तयार झाले. फिर्यादीचा वकील मधु. आरोपी कोण? सगळ्यांनी एका सुरात अण्णांचे नाव घेतले.

"आणि अनिरुद्धची बायको हवी साक्षीला," सुहासिनी म्हणाली.

"अगं, त्याला बायको कुठाय गोष्टीत?"

"नसेना का! आपण देऊ. मंदावहिनी, तुम्ही व्हा ना. एकच वाक्य आहे, 'मला न्याय हवा!' आफ्रिकेतल्या परशुरामभाऊंना पत्रातून कळवा, किती हसतील!"

मित्रांनो, त्या मुलांना काही ठाऊक नव्हते. मी एवढे जोरात कुरकुरले, पण बाकड्याचे कोण ऐकतो? मंदाकिनीने अण्णांकडे पाहिले. अण्णांनी सदऱ्याचे बटण लावल्यासारखे केले. मग ती म्हणाली, "बरं."

खटल्याच्या दिवशी मला झाडूच्या काठ्या बांधून माझा आरोपीचा पिंजरा केला होता. माझ्यावर अण्णा उभे होते. खोली खचाखच भरली होती. मधुने कप्तानाची अशी हजेरी घेतली की बायका पदराआड हसत होत्या. अण्णांनीही छान उत्तरे दिली. मग मंदाकिनीला बोलावले.

"बाई," मधु थाटात म्हणाला, "आपल्या पतीला मागे टाकून पळालेल्या या इसमाला काय शिक्षा व्हावी असं आपल्याला वाटतं?"

ती आपले वाक्य विसरली, असे सगळ्यांना वाटले. सुहासिनी मागून कुजबुजली, "मला न्याय हवा…"

"शिक्षा नको," मंदाकिनी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, पुसताना असायचा तसाच. "ते थांबू शकत नव्हते, हे मला कळतं. मीही यानातच होते. त्यांनी मला हाताला धरून आत घेतलं. फक्त एकदा खरं सांगावं. मी वाट पाहू की नको?"

अण्णांनी पिंजऱ्याची काठी धरली आणि ती त्यांच्या मुठीत कडकन मोडली. इतकी वर्षे ते दिल्लीची चौकशी सांगत आले होते.

"नको पाहू, मंदा," अण्णा म्हणाले. "आता नको पाहू."

तिने मान हलवली आणि ती आपल्या जागी जाऊन बसली.

आणि टाळ्यांचा कडकडाट झाला! मधुचे डोळे पाणावले होते. "काय काम केलंत वहिनी!" असे तो ओरडत होता. न्यायाधीशांनी कप्तानाला निर्दोष सोडले आणि पेढे वाटले गेले. अण्णा मात्र माझ्यावरून खाली उतरेनात. शेवटी दोघांनी हात देऊन त्यांना उतरवले.

पुढच्या रविवारी ती दोघे नेहमीसारखी आली. तिच्या कपाळावर कुंकू नव्हते, गळा मोकळा होता. तिने मला पुसले. विचारले काही नाही. मंडळी आली आणि जागच्या जागी थबकली. "परदेशातून कळलं," एवढेच अण्णांनी सांगितले. सुहासिनी तिच्या गळ्यात पडून खूप रडली. मंदाकिनीच तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. नंतर ती शहाडला आपल्या भावाकडे राहायला गेली.

काही महिन्यांनी मासिक पुन्हा सुरू झाले आणि गोष्टीचा शेवट आला. अण्णा वाचू लागले. कप्तान नवे यान घेऊन मंगळावर परततो. वाळूत शोधत फिरतो. एका गुहेत त्याला उजेड दिसतो. अण्णांचा आवाज थांबला. त्यांनी अंक मधुकडे दिला. "घसा बसलाय. तू वाच पुढे."

मधुने वाचले. अनिरुद्ध जिवंत होता.

काय तो गोंधळ! दोन्ही टोकांची माणसे एकमेकांना मिठ्या मारत होती. सुहासिनी नाचतच अण्णांकडे आली. "अण्णा, हा अंक मंदावहिनींना पाठवू या ना! त्यांना किती बरं वाटेल!"

अण्णांनी तिच्याकडे पाहिले. ती पोर इतकी आनंदात होती की त्यांना तिच्यावर रागावताही येईना.

"नको गं," ते म्हणाले, आणि खिडकीकडच्या टोकाला जाऊन बसले.

त्यानंतर त्यांनी मोठ्याने वाचणे सोडले. मंडळीही पांगली. खुर्च्या आल्या, मी पडवीत गेले. परशुराम कधी आला नाही, आणि येणार नाही असेही कुणी छातीठोकपणे सांगू शकले नाही. मंदाकिनीही परत आली नाही. मला पुसणारे मग कुणी राहिले नाही, पण त्याची तक्रार मी करत नाही.

मित्रांनो, गोष्टींवर खुशाल भांडा. कोण चुकले, कोण बरोबर, यावर घसा बसेपर्यंत भांडा. माझी लाकडे त्या भांडणांनीच उबदार राहिली. पण भांडता भांडता एकदा बघा, बाकड्याच्या टोकाला कुणी गप्प बसले आहे का. असेल तर जरा सरकून त्याच्याजवळ जा. तुम्हाला सरकता येते. मला येत नव्हते.